आपण वर जाणार की देव खाली येणार?

प्रश्न : सलाम. आमची आई गेल्या पावसाळ्यात वारली. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितले की, पृथ्वी ही चार दिवसांची धर्मशाळा आहे आणि आई आता आपल्या कायमच्या घरी पोहोचली आहे. त्या शब्दांनी आम्हाला धीर आला. परंतु घरी आल्यावर अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने विचारले, "आजी कायमच्या घरी पोहोचली असेल, तर आपण दर रविवारी 'शरीराचे पुनरुत्थान' असे कशासाठी म्हणतो? तिथे पोहोचलेल्या माणसाला पुन्हा शरीर कशाला हवे?" मला उत्तर देता आले नाही. पुढे महिनाभराने दोन गृहस्थ पत्रके घेऊन दारी आले. त्यांचे म्हणणे असे की, स्वर्गात फक्त १,४४,००० माणसे जातील आणि बाकीचे नीतिमान लोक याच पृथ्वीवर सर्वकाळ राहतील. मग खरे काय मानायचे? स्वर्ग वर आहे, की तो इथेच होणार आहे?
— एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. आईच्या जाण्याचे दुःख अजून ओले असताना आपण हा प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तराचा जो भाग आपल्याला सर्वांत आधी हवा असेल तो आधी देतो. आपली आई प्रभूजवळ आहे. शेजारच्या वधस्तंभावरील अपराध्याला प्रभूने "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे वचन दिले (लूक २३:४३), आणि तुरुंगात असलेल्या पौलाने येथून निघून ख्रिस्ताजवळ असणे हे आपल्याला कितीतरी अधिक चांगले वाटते असे लिहिले (फिलिप्पै १:२३). तेव्हा पाळकसाहेब चुकीचे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वाक्यातला एकच शब्द मला बदलावासा वाटतो, तो म्हणजे 'कायमच्या'. आणि आपल्या मुलाने नेमके त्याच शब्दावर बोट ठेवले आहे.

पवित्र शास्त्राचे शेवटचे पुस्तक म्हणजे योहानाला झालेले प्रकटीकरण. त्याच्या सहाव्या अध्यायात योहानाला स्वर्गातील वेदीखाली रक्तसाक्ष्यांचे आत्मे दिसतात. ते स्वर्गात आहेत, देवाजवळ आहेत, सुरक्षित आहेत. आणि तरीही ते मोठ्याने ओरडून विचारतात की, हे प्रभो, अजून किती काळ? त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या असे सांगितले जाते. म्हणजे स्वर्गात गेलेल्यांनाही कशाची तरी वाट पाहायची असते. ज्याची ते वाट पाहतात तेच आपण प्रेषितांच्या विश्वासांगीकारात म्हणतो : शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. आपली आई आज जिथे आहे तो विसाव्याचा मुक्काम आहे. प्रवास तिथे संपत नाही. इसवी सन ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ठरलेल्या विश्वासांगीकाराचा शेवटही मृतांचे पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगातील जीवन यांच्या आशेने होतो. आत्मा वर गेला आणि सर्व संपले, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आता स्वर्ग वर की इथे, याविषयी. आपल्या गोंधळाचा काही भाग आपल्या भाषेतून आला आहे असे मला वाटते, आणि त्यात कोणाचा दोष नाही. प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय काढून पाहा. पहिल्या वचनात योहान 'नवे आकाश व नवी पृथ्वी' पाहतो. दुसऱ्या वचनात पवित्र नगरी, नवी यरुशलेम, देवापासून 'स्वर्गातून' उतरताना पाहतो. मराठीत येथे आकाश आणि स्वर्ग असे दोन शब्द आहेत, परंतु मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी 'उरानोस' हा एकच शब्द आहे. भाषांतरकारांपुढे दोन चांगले मराठी शब्द होते आणि त्यांनी अर्थ पाहून ते वापरले. पण त्यामुळे असे होते की, 'नवे आकाश' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढग आणि तारे येतात, आणि 'स्वर्ग' म्हटले की एखादे दूरचे सुखस्थान येते. शिवाय स्वर्ग हा शब्द मराठीत ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. पुण्याच्या जोरावर तेथे जायचे, भोग भोगायचे आणि पुण्य सरले की मृत्युलोकी परत यायचे, हा गीतेच्या नवव्या अध्यायातला अर्थ त्या शब्दाबरोबर आपल्या कानांत आपोआप येतो. पवित्र शास्त्रात स्वर्ग म्हणजे देवाचे राजासन जेथे आहे आणि त्याची इच्छा जेथे विनाअडथळा पूर्ण होते ते स्थान. म्हणूनच प्रभूने आपल्याला "मला स्वर्गात ने" अशी प्रार्थना शिकवली नाही, "तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" अशी शिकवली. आपण दररोज स्वर्ग खाली येण्याचीच मागणी करत असतो.

योहानाच्या दर्शनात ही मागणी पूर्ण होते. कोणीही वर चढत नाही. नगरी खाली उतरते. राजासनाजवळून वाणी ऐकू येते की, पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे आणि तो त्यांच्याबरोबर वस्ती करील. त्या नगरीची मोजमापे दिली आहेत, ती पुष्कळांना नीरस वाटतात. मला मात्र त्या अध्यायातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २,२०० किलोमीटर. कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंतचे सरळ अंतर साधारण तेवढेच भरेल. एवढी उंच नगरी कशी असेल याचा विचार करत बसण्यापेक्षा तिचा आकार पाहावा. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली एक जागा शास्त्रात आणखी एके ठिकाणी आहे : शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस हात रुंद आणि वीस हात उंच (१ राजे ६:२०). तेथे वर्षातून एकच दिवस, एकटा प्रमुख याजक, तोही रक्त घेऊन जात असे. ती खोली आता एवढी मोठी झाली आहे की संपूर्ण नगरीच परमपवित्रस्थान झाली आहे, आणि म्हणून पुढे योहान म्हणतो की त्या नगरीत मला मंदिर दिसले नाही.

आपल्या मनात दोन वचने येतील, कारण दफनविधीत ती बहुधा वाचली गेली असतील. पहिले, "माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत" (योहान १४:२). येथे 'राहण्याची जागा' यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो संपूर्ण नव्या करारात आणखी एकदाच येतो, आणि तोही त्याच अध्यायात, तेविसाव्या वचनात : जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊ व त्याच्याबरोबर वस्ती करू. पहिल्या वचनात आपण देवाच्या घरी राहायला जातो आणि दुसऱ्यात देव आपल्या घरी राहायला येतो. दुसरे वचन थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले : प्रभू येईल तेव्हा जिवंत उरलेले आपण त्याला सामोरे होण्यासाठी अंतराळात घेतले जाऊ (४:१७). १८३०च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाच्या शिकवणीतून, आणि पुढे १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह असलेल्या शास्त्रामुळे, मंडळी तेथून परस्पर स्वर्गात नेली जाईल हा अर्थ जगभर पसरला, आणि आपल्याकडील पुष्कळ सभांतही तोच सांगितला जातो. तो सांगणारे बंधू मनापासून सांगतात. मला मात्र 'सामोरे होणे' हा शब्द दुसरीकडे नेतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात कुमारी वराला सामोऱ्या जातात, त्या त्याच्याबरोबर लग्नघरी येण्यासाठी. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटी रोमचे बंधू पौलाला वाटेवर सामोरे येतात, ते त्याला रोममध्ये आणण्यासाठी. आपल्या गावांत नवरदेवाला वेशीवर जाऊन सन्मानाने आणण्याची रीत ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वेशीवर गेलेली मंडळी नवरदेवाच्या गावाला निघून जात नाहीत. त्याला घेऊन मांडवात येतात.

आता दारी आलेल्या गृहस्थांविषयी. वर्णनावरून ते यहोवाचे साक्षीदार असावेत. १,४४,००० ही संख्या अक्षरशः घेऊन स्वर्गीय आणि पृथ्वीवरील असे दोन गट मानणे ही त्यांची शिकवण आहे. त्यांना कठोर शब्दांनी परत पाठवू नये असे मी सुचवीन, कारण पृथ्वीविषयीचे देवाचे अभिवचन त्यांनी जपले आहे आणि आमच्या पुष्कळ मंडळ्यांनी ते विसरू दिले आहे. पण दोन गटांची वाटणी मला वचनात दिसत नाही. सातव्या अध्यायात योहान १,४४,००० ही संख्या 'ऐकतो' आणि लगेच नवव्या वचनात, कोणाला मोजता येणार नाही असा मोठा लोकसमुदाय 'पाहतो'. आणि तो समुदाय पृथ्वीवर मागे ठेवलेला नसून राजासनासमोर उभा आहे. एकविसाव्या अध्यायात तर स्वर्ग आणि पृथ्वी यांमधील अंतरच मिटते. ते मिटल्यावर वरचे कोण आणि खालचे कोण, हा प्रश्न उरत नाही.

राहुरीहून पत्र आले आहे म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील" हे वचन आपण लहानपणापासून पाठ केलेले आहे. भाषांतरकारांनी 'वतन' हा शब्द निवडला आणि तो सदतिसाव्या स्तोत्रातील जमिनीच्या अभिवचनाला अगदी जवळचा आहे. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांना हा शब्द वेगळ्याच अनुभवाने माहीत होता. महार वतन म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गावकी आणि सरकारी कामाची बिनमोबदला वेठ. ती वतने १९५८च्या कायद्याने रद्द झाली. ज्यांना वतनाने बांधून ठेवले होते त्यांनी, ती बेडी पायात असतानाच, "पृथ्वीचे वतन" हे शब्द प्रभूच्या तोंडून ऐकले. हे वचन नुसते 'आत्मिक' आहे आणि त्यात मातीचा काही संबंध नाही, असे कोणी शिकवू लागला की मला त्या माणसांची आठवण होते. त्यांना ढगांवरची जागा देऊ केलेली नव्हती. ज्या भूमीवर त्यांना वाकवले गेले, तीच त्यांना वारसा म्हणून देऊ केली होती. दुसऱ्या शतकात आजच्या फ्रान्समधील लिओंचा अध्यक्ष (बिशप) इरेनियस याने जवळजवळ हेच म्हटले आहे. त्याच्या मंडळीतील अनेकांना इसवी सन १७७ मध्ये छळ करून मारण्यात आले होते, आणि पुढे त्याने लिहिले की, नीतिमानांनी ज्या सृष्टीत कष्ट व यातना सोसल्या त्याच सृष्टीत त्यांना त्याचे प्रतिफळ मिळणे न्याय्य आहे.

मुलाला असे सांगा : आजी प्रभूजवळ विसावा घेत आहे, आणि तीही आपल्यासारखीच त्या दिवसाची वाट पाहत आहे, जेव्हा तिला पुन्हा हात, पाय, डोळे आणि उभे राहायला जमीन मिळेल. ही शंका तो पाळकसाहेबांकडेही घेऊन गेला तर बरे होईल.

प्रश्न : आमच्या युवक संघाने यंदा गावाजवळच्या उघड्या टेकडीवर झाडे लावायचे ठरवले होते. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हरकत घेतली. ते म्हणाले की, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात सृष्टितत्त्वे तप्त होऊन लयास जातील आणि पृथ्वीवरील कामे जळून जातील असे स्पष्ट लिहिले आहे. जळणाऱ्या घराला रंग देण्यापेक्षा त्यातली माणसे बाहेर काढावीत. मुले गप्प झाली. त्यांना काय सांगावे?
— युवक संघाची सचिव, पुणे

उत्तर : त्या गृहस्थांनी वचन बरोबर वाचले आहे, पण ते दहाव्या वचनापाशीच थांबले आहेत. तेराव्या वचनात पेत्र म्हणतो की, ज्यात नीतिमत्त्व वास करते असे नवे आकाश व नवी पृथ्वी यांची आपण वाट पाहत आहोत. त्याच्या थोडे मागे, सहाव्या वचनात, तो नोहाच्या काळातील जगाचा 'नाश झाला' असे म्हणतो. तो नाश पाण्याने झाला, आणि पाणी ओसरल्यावर नोहा ज्या मातीवर उतरला व जिच्यात त्याने द्राक्षमळा लावला ती माती तीच होती. पेत्राने स्वतःच ही तुलना केली असल्यामुळे अग्नीचा अर्थही तिच्याच उजेडात लावायला हवा.

दहाव्या वचनातील 'जळून जातील' या शब्दाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चौथ्या शतकातील दोन फार जुन्या व महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत, तेथे 'आढळतील' किंवा 'उघडी पडतील' अशा अर्थाचे क्रियापद आहे. 'जळून जातील' हे नंतरच्या प्रतींत येते. अभ्यासकांत यावर बरीच चर्चा झाली आहे, आणि आजची अनेक भाषांतरे जुन्या प्रतींना अनुसरतात. तसे वाचले तर चित्र सोनाराच्या मुशीचे होते, जे मलाखीनेही तिसऱ्या अध्यायात वापरले आहे. मुशीखालचा जाळ हीण जाळतो, आणि सोने किती होते ते उघड करतो. मुशीतल्या जाळाला भिऊन सोने विकत घ्यायचे कोणी थांबत नाही.

मंडळीच्या इतिहासात दोन्ही मते सांगितली गेली आहेत, हे मुलांपासून लपवू नये. सतराव्या शतकातील लुथरन पंडित योहान गेरहार्ड हे जुनी पृथ्वी पूर्ण नाहीशी होऊन नवी उत्पन्न होईल असे मानत. पण पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील अध्यक्ष ऑगस्टीनने लिहिले होते की, या जगाचे बाह्य रूप लयास जाईल, त्याचे मूळ स्वरूप नव्हे. आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनचा कौलही सृष्टीच्या नाशापेक्षा तिच्या नूतनीकरणाकडे होता. कॅथलिक ख्रिस्तसभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'गॉदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात म्हटले आहे की, पृथ्वी व मानवजात यांची परिपूर्ती केव्हा आणि कशी होईल हे आपल्याला ठाऊक नाही, परंतु नव्या पृथ्वीच्या अपेक्षेने या पृथ्वीची काळजी घेण्याची आपली आस्था मंदावता कामा नये, उलट ती अधिक जागी व्हावी. माझे स्वतःचे मत ऑगस्टीनच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही. ख्रिस्ताची कबर रिकामी होती. देवाला जुने शरीर टाकून नवे घडवायचे असते, तर जुने शरीर कबरेत राहिले असते. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, आणि समुद्रकाठी कोळशांवर मासळी व भाकर मांडून त्यांना न्याहारीला बोलावले. तो नवा होता आणि तोच होता. त्याच्या बाबतीत जे झाले तेच रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टीच्या बाबतीत सांगितले आहे : सबंध सृष्टी कण्हत आहे, प्रसूतिवेदना भोगत आहे. पौलाने येथे मरणाच्या कळांचा शब्द वापरलेला नाही. प्रसूतीच्या कळा एखाद्या बाईला येत असताना तिच्या खाटेजवळून कोणी निघून जात नाही.

झाडे लावण्याने देवाचे राज्य येईल असे मी म्हणत नाही. ते राज्य देव आणील. पण पुनरुत्थानावरील पौलाचा सर्वांत मोठा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा, कोठे संपतो ते मुलांना वाचून दाखवा. अठ्ठावन्न वचने पुनरुत्थानाविषयी लिहून तो शेवटी "वर पाहा" असे म्हणत नाही; प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत असे म्हणतो. टेकडीवर खड्डे पावसाळ्याच्या आधी घ्यावेत, आणि त्या गृहस्थांना पहिले रोप लावायला बोलवावे. माणसे वाचवण्याची त्यांची कळकळ खरी आहे, ती मुलांनी घ्यावी.

प्रश्न : हजार वर्षांचे राज्य म्हणजेच पृथ्वीवरचा स्वर्ग का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, शास्त्रात त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ख्रिस्ताच्या या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि त्यानंतरही बंड, न्याय व मरणाचा शेवट व्हायचा असतो. नवी पृथ्वी त्यापुढे, एकविसाव्या अध्यायात येते आणि तिला वर्षांची मर्यादा नाही. हजार वर्षे अक्षरशः घ्यावीत की नाही, यावर फार पूर्वीपासून मतभेद आहेत. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन हा यरुशलेमेत हजार वर्षे राज्य होईल असे मानणारा होता, आणि तरीही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले की, शुद्ध व भक्तिमान विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती लोक याबाबत वेगळे मानतात. ऑगस्टीनने ती हजार वर्षे म्हणजे मंडळीचा सध्याचाच काळ असा अर्थ लावला, आणि पश्चिमेकडील बहुतेक मंडळी त्याच्या मागे गेली. या विषयावरून मंडळ्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला फार दुःख होते, कारण नव्या पृथ्वीविषयी त्या दोन्ही बाजू एकच गोष्ट मानत होत्या.

प्रश्न : आम्ही उत्तनचे कोळी. माझे वडील मी सात वर्षांची असताना वादळात होडीसह गेले आणि त्यांचा देह मिळाला नाही. दर २ नोव्हेंबरला सगळे दफनभूमीत आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. माझी आई आयुष्यभर ती मेणबत्ती किनाऱ्यावर वाळूत लावत आली. गेल्या वर्षी मिस्सात प्रकटीकरणाचे वाचन झाले : "आणि समुद्रही राहिला नाही." आई घरी येऊन म्हणाली, बरे झाले. मला मात्र रडू आले, कारण समुद्राशिवाय आम्ही कोण? नव्या पृथ्वीवर समुद्र खरोखरच नसेल का?
— एक भगिनी, उत्तन

उत्तर : प्रिय ताई, तुमच्या आईचे म्हणणे आणि तुमचे रडणे, दोन्ही त्या वचनाला धरून आहेत. आधी आईसाठी लिहितो. ज्या अध्यायात मृतांचा न्याय सांगितला आहे, तेथे मरण व अधोलोक यांच्या आधी समुद्राचे नाव घेतलेले आहे : समुद्राने आपल्यामधील मृतांना बाहेर दिले (प्रकटीकरण २०:१३). ज्यांच्या नावाची कबर कोठेच नाही त्यांचा उल्लेख देवाने पहिला केला. तुमच्या वडिलांचा देह कोठे आहे हे तुम्हाला माहीत नाही. समुद्राला ते ठाऊक आहे आणि त्याला तो परत द्यावा लागणार आहे. किनाऱ्यावर लावलेली मेणबत्ती योग्य जागी लावलेली आहे.

आता 'समुद्र राहिला नाही' याविषयी. योहान हे पत्मस बेटावरून लिहितो, आणि ज्या सात मंडळ्यांवर त्याची माया आहे त्या आणि तो यांच्यामध्ये समुद्र आहे. त्याच्या पुस्तकात श्वापद समुद्रातून वर येते. बाबेलची गलबते त्याच समुद्रावरून सोने, मोती, तागाचे तलम वस्त्र आणि दालचिनी वाहून नेतात, आणि अठराव्या अध्यायातील त्या मालाच्या यादीत सर्वांत शेवटी माणसांची शरीरे व माणसांचे जीव येतात, म्हणजे गुलाम. हा समुद्र नाहीसा होतो : ताटातूट करणारा, श्वापदाला पोसणारा, माणसे गिळणारा आणि माणसे विकायला नेणारा. पण त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात समुद्रातील प्रत्येक प्राणी कोकऱ्याची, म्हणजे ख्रिस्ताची, स्तुती गाताना योहानाने ऐकला होता, आणि एकशे चाराव्या स्तोत्रात देवाने समुद्रात खेळण्यासाठी लिव्याथान हा प्रचंड जलचर निर्माण केला असे म्हटले आहे. जे पाणी देवाने चांगले म्हणून निर्माण केले, त्याचे त्याला वैर आहे असे मला वाचता येत नाही.

आणि शेवटच्या अध्यायात जीवनाच्या पाण्याची जी नदी राजासनातून निघते, ती योहानाने यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातून घेतली आहे. तो अध्याय तुम्ही आईला वाचून दाखवा. तेथे मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा झरा निघतो. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि मग पोहूनच जावे लागेल एवढा. ती नदी यहूदियातील मृत समुद्राला जाऊन मिळते. त्या समुद्राचे पाणी साध्या समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दहापट खारट आहे आणि त्यात मासा जगत नाही. यहेज्केल पाहतो की, ते पाणी गोड होते, त्यात महासमुद्रातल्याप्रमाणे नाना जातींचे मासे विपुल होतात, आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत सगळ्या काठावर कोळी उभे आहेत व त्यांची जाळी वाळत पसरलेली आहेत. काठच्या पाणथळ दलदली तेवढ्या गोड होत नाहीत. त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातात, कारण मासळी येणार असेल तर मीठही लागणारच.